जावईबापूंचं शेवाळ

मी शेवाळ विकत आणलेलं आहे. एकदा नव्हे, दोनदा. तिसऱ्यांदा ते घरातच सापडलं, आणि तिथेच घात झाला.

मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाने शेवाळ विकत आणावं यासारखा करंटेपणा नाही. आमच्या सोसायटीत ते टाकीखाली, मागच्या जिन्यावर, भिंतींवर फुकट उगवतं आणि दरवर्षी गणपतीआधी माणूस लावून खरवडून काढावं लागतं. (त्याच्यावरूनच मी एकदा जिन्यात घसरलो होतो. पण ते शेवाळ ‘ऑर्किडचं’ नव्हतं म्हणे!)

सुरुवात झाली सासूबाईंच्या येण्यापासून. सासरे गेल्यावर त्या मालवणजवळच्या घरी एकट्याच राहायच्या. गेल्या वर्षी शिमग्यानंतर त्या न्हाणीघरात पडल्या, तेव्हा माझी बायको नीता त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आली. सोबत कपड्यांची पिशवी, आमसुलांची बरणी आणि आंब्याच्या सालीचा एक हातभर तुकडा. त्या सालीला चिकटलेली सीतेची वेणी. सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी ती अंगणातल्या आंब्यावर बांधली होती. पुढे रस्ता रुंद करताना आंबा गेला. सासूबाईंनी तोडणाऱ्यांकडून साल तेवढी मागून घेतली होती.

“हे तर ऑर्किड!” मी मोबाइलमध्ये बघून जाहीर केलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि कुठल्याही विषयात तज्ज्ञ व्हायला मोकळा होतो. “हे टांगत्या बास्केटमध्ये मॉस, म्हणजे शेवाळ, घालून लावतात. आई, तुम्ही निश्चिंत राहा.”

“तुम्ही आहात ना जावईबापू, मग मला कसली काळजी,” सासूबाई म्हणाल्या.

त्या माझ्याशी हे असंच बोलायच्या. लेकीशी खणखणीत मालवणी आणि माझ्याशी मात्र शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखं शुद्ध मराठी. जावई म्हणजे त्यांच्या लेखी विष्णूचा अवतार. मी हॉलमध्ये आलो की त्या सोफ्यावरून उठायच्या. मालिका ऐन रंगात असताना टीव्ही बंद करायच्या. चहासुद्धा अर्धाच कप घ्यायच्या, मुलीच्या घरचा म्हणून! मला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की मी माझ्याच घरात दार वाजवून आत येऊ लागलो.

एके दिवशी नीताने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“सुधीर, आई मामीला फोनवर सांगत होती, पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं, मे संपला की गावी जाईन म्हणून. गावी कोण आहे रे तिला? परत पडली तर उचलणार कोण?” तिचे डोळे भरून आले होते. “ते झाड इथे रुजलं ना, तर तिला काहीतरी आपलं वाटेल. मेलं तर ती पहिल्या गाडीने निघेल. तेव्हा जे काय करशील ते नीट कर, यार!”

म्हणजे बघा! एका म्हातारीचं म्हातारपण माझ्या हातात, आणि माझ्या हातून आजवर तुळससुद्धा जगलेली नाही.

पहिलं मॉस मी ऑनलाइन मागवलं. आली एक छोटीशी वीट, दाबून वाळवलेली. ‘पाण्यात भिजवा’ असं लिहिलं होतं. मी दोन विटा मागवल्या होत्या, दोन्ही भिजवल्या. आंघोळ करून बाहेर येतो तो बादलीतून मॉस बाहेर पडतंय! मी ते टबात घातलं. टब भरला. परातीत घातलं. परात भरली. शेवटी कुकरसुद्धा भरला आणि नीताने हाक मारली, “सुधीर, वरण कशात लावू?”

“छान आहे हो,” सासूबाई त्या कुकरकडे बघत म्हणाल्या. “भरपूर आलं.”

खिडकीच्या ग्रिलला टांगलेल्या बास्केटमध्ये मी ते ठासून भरलं, मधोमध वेणी सालीसकट पुरली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. मे महिन्याचा दमटपणा, त्यात ते ओलं गच्च मॉस. पंधरवड्यात पानं पिवळी पडली, कडेला छत्र्या उगवल्या आणि डासांनी तिथे संसार थाटला. मी हादरलो.

“चूक मॉसची आहे,” मी नीताला सांगितलं. “जात चुकली.”

“मॉसची की माणसाची?” तिने विचारलं.

मग मी घाटकोपरच्या एका नर्सरीतून दुसरं मॉस आणलं, तपकिरी आणि भरभरीत. तिथे पाऊण तास वेगवेगळी मॉस चुरगळत, हुंगत उभा होतो. तूरडाळ घेतानासुद्धा मी कधी एवढा चिकित्सक नसतो. आणि काय सांगू, ते बास्केटमध्ये भरलं आणि रोज थोडं थोडं नाहीसं व्हायला लागलं! मी दुपारी झोपून उठावं, तर बास्केट अर्धी रिकामी. चोर माझ्या डोळ्यांसमोर होता. एसीच्या डब्यामागे घरटं बांधणारं कबुतर!

मी युद्ध पुकारलं. चमकत्या पट्ट्या लावल्या, जुन्या सीड्या टांगल्या, खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. (समोरच्या इमारतीतल्या बायकांना वाटलं मी हास्यक्लबला लागलो.) कबुतराला मी अशा शिव्या दिल्या की सासूबाई आत निघून गेल्या. शेवटी मॉस संपलंच. वेणी नुसत्या सालीवर लोंबत राहिली.

पण चमत्कार असा, की तिची पानं ताठ झाली! एक नवं मूळसुद्धा फुटलं, टोकाला हिरवं, तुकतुकीत. कुठल्याही शहाण्या माणसाने यातून बोध घेतला असता. मीही घेतला: ‘दुसरं मॉस झाडाला मानवलं होतं, फक्त कमी पडलं.’

आणि तेव्हा मला माळ्यावरची पिशवी आठवली.

आम्ही कोकणातली माणसं मखराचं सामान टाकत नाही. थर्माकोलचा खांब, झिरमिळ्या, जळक्या दिव्यांची माळ, सगळं ‘पुढच्या वर्षी लागेल’ म्हणून माळ्यावर जातं. त्यातच होतं ते शेवाळ, मागल्या गणपतीत कैलास पर्वतासाठी आणलेलं. पोपटी हिरवं, मऊ, गालिच्यासारखं. घरात असलं वैभव असताना मी घाटकोपरला गेलो! मी ते बादलीत बुडवलं. पाणी क्षणात हिरवंगार झालं.

“बघ, किती ताजं आहे अजून!” मी नीताला म्हणालो.

“अरे, वर्षभर माळ्यावर पडलेलं ताजं कसं असेल?”

“तू निसर्गावर विश्वास ठेव.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आले ते नेहमीचेच. “छान आहे हो, जावईबापू.” यावेळी ‘छान’ जरा कापरं वाटलं.

मी बास्केट शिगोशीग भरली. वेणीची नवी मुळं नीट आत दाबली, वरून तांब्याभर पाणी घातलं, मग आणखी एक तांब्या, आणि समाधानाने जाऊन झोपलो.

आता खालच्या मजल्यावर काय चाललं होतं ते सांगायला हवं. तिथे राऊतकाकू राहतात. मुलुंडमध्ये सासूबाईंची ही पहिली आणि एकमेव मैत्रीण. दोघींनी मिळून त्या दिवशी तांदळाच्या फेण्या घातल्या होत्या. कितीतरी वर्षांनी सासूबाई कुणाबरोबर तरी वाळवण करत होत्या, सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह होता. पांढऱ्याशुभ्र फेण्या राऊतकाकूंच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, स्वच्छ धोतरावर, ओळीने वाळत होत्या. बरोबर माझ्या बास्केटखाली.

मला जाग आली ती राऊतकाकूंच्या आवाजाने. त्या थाळी घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या.

“सुधीरभाऊ, हे काय हो? वाट लागली सगळ्याची!”

थाळीत फेण्या होत्या. हिरव्या! काही पोपटी, काही ठिपक्याठिपक्यांच्या. मागून धोतरही आलं, त्यावर तर अख्खा कैलास पर्वत उतरला होता. ते शेवाळ रंगवलेलं होतं हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा खिडकीत बास्केट अजून ठिबकतच होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता त्या ‘छान आहे हो’ म्हणतील आणि आत जाऊन पिशवी भरतील, अशी माझी खात्रीच झाली. मला खरोखर रडू येत होतं.

सासूबाईंनी एक फेणी उचलली. उलटी केली, सुलटी केली. आणि मग आभाळ फाटलं.

“मेल्या, ह्या काय करून ठेवलंस? डोळे फुटले काय तुझे?”

नीताच्या हातातला चहा सांडला. मी मागे वळून पाहिलं, मेल्या कोण ते बघायला. मागे कुणी नव्हतं.

“आंब्यार होती तेव्हा तिका शेवाळ कोण घाली होतो रे? ती वाऱ्यार वाढता! बघ, बघ, मुळां कशी रंगवलंस ती!”

“पण आई, त्या दुसऱ्या मॉसमध्ये ती छान...”

“कसला दुसरा? तां मी काढून टाकलंय! रोज दुपारी, तू घोरत असताना! त्या बापड्या कबुतराक कित्याक गाळी घालतस?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“जावयाक कसा सांगतलंय?” त्या ओरडल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या फेणी हातात धरून तशाच मटकन सोफ्यावर बसल्या.

पहिली हसली ती नीता. हसता हसता रडायला लागली. मग राऊतकाकू. मग सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मी एकटाच उभा होतो, शिव्या खाऊन. पण खोटं कशाला सांगू, इतक्या महिन्यांत मला प्रथमच त्या घरातल्या वाटल्या.

मे संपला, पण गावी जायचा विषय निघाला नाही. सासूबाई आता टीव्ही बंद करत नाहीत. मीच मालिकेच्या मध्ये बोललो तर मला गप्प करतात. चहा पूर्ण कप घेतात आणि गोड जास्त झाला तर सुनावतात. ‘जावईबापू’ हे नाव गेलं, ते पुन्हा आलं नाही.

वेणी सालीसकट ग्रिलला सुतळीने बांधली, तीही सासूबाईंनीच. यंदा तिला फुलांचा झुपका आला, वीतभर लांब, पांढरा-जांभळा. सासूबाईंनी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवला. मीही जरा जवळ गेलो.

“हात लावू नको. लांबसून बघ,” आतून आवाज आला.

मी हात मागे बांधून, चार पावलं लांब उभा राहून बघू लागलो. म्हटलं, नुसतं उभं राहण्यात तरी माझ्या हातून काही बिघडणार नाही.

“आता थंय कित्याक उभो रवलंस?” सासूबाई म्हणाल्या. “उजेड अडवतस रे तिचो. बाजूक हो!”