नाल्यापलीकडचं रान

वडसा स्टेशनाबाहेर आले तेव्हा सकाळच्या थंडीत राइस मिलच्या कोंड्याचा वास पसरला होता आणि भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं होती. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम भरात होता. सांगलीहून एवढ्या लांब येऊनही नाटक काही माझ्या नशिबात नव्हतं, कारण माझी कॉलेजची मैत्रीण रेखा जीप सुरू ठेवूनच उभी होती. ती वनखात्यात अधिकारी आहे. "आधी रान, मग पाहुणचार," ती म्हणाली.

धानोऱ्याच्या वाटेवर तिनं काम समजावलं. इथं सरकारी आखणीप्रमाणे सागवान, ऐन, बीजा विक्रीसाठी तोडतात. तोडीच्या पट्ट्याला म्हणतात कूप. नियम साधा आहे. तोडलेल्या कूपात पुन्हा झाडं उभी राहिल्याशिवाय शेजारचा कूप तोडायचा नाही. रोपं लावली एवढ्यावर भागत नाही, ती जगलेली दिसली पाहिजेत. हे पाहून होकार किंवा नकार देणं, हे रेखाचं काम.

गावात मैनाबाई वाट पाहत होत्या. वनसमितीच्या अध्यक्षा, पन्नाशीच्या, पदर खोचलेला, चाल भरभर. रेखाचं न ऐकता त्यांनी आधी जेवायला बसवलं: तांदळाची भाकर, लाखोरीची डाळ आणि तलावातल्या मासोळ्यांचं झणझणीत कालवण. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशा त्या हसल्या. "बाई, तुमच्या कोल्लापुराकडं तं लय तिखट खातेत म्हनते नं?"

मग कूपात गेलो. रस्त्यालगत दृष्ट लागावी असं रान होतं. खांद्याइतका साग, मोठमोठी पानं. मैनाबाईंचा चेहरा खुलला होता. "घ्या म्याडम, पास करा."

"नाल्यापलीकडे जाऊ," रेखा म्हणाली.

"तिथी काऊन? आधीचे साहेब तं गाडीतूनच पाहून गेले."

"गाडीतून सगळंच पास होतं, मैनाबाई."

नाल्यापलीकडे गवत होतं, शेणाचे ओले-वाळलेले पो होते आणि मधूनमधून जुने खुंट. रेखानं खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि गोल फिरून आतली झाडं मोजली. पुढे जाऊन पुन्हा तेच. एका गोलात तर एकही रोप नव्हतं. तिनं दोरी गुंडाळली. "हा भाग नापास आहे. यंदा पुढचा कूप उघडता येणार नाही."

मैनाबाई रेखाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. मग आवाज चढला. "म्याडम, तोडीचं काम नाई भेटलं तं आमचे पोट्टे (मुलं) तेलंगनात मिरच्या तोडाले जातीन. घरं बंद पडतेत. मायी सून मागच्या वर्षी लेकरू पाठीशी बांधून गेली. तुमाले मालूम आहे का?"

"माहीत आहे," रेखा हळू म्हणाली. "पण आज हो म्हटलं तर पुढचा कूपही असाच होईल. त्याच्यापुढचाही. मग तोडायला काय उरेल?"

दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, म्हणूनच ते ऐकणं जड जात होतं. मी अवघडून बाजूच्या वेलीचा आधार घेतला आणि कोपरापर्यंत आग आग झाली. खाजकुइलीच्या शेंगा! मी नाचायलाच लागले. मैनाबाईंनी भांडण तिथंच टाकलं, जवळचं ओलं शेण उचललं आणि माझ्या हाताला थापलं. "खाजवू नका बाई, वाळू द्या." माझा अवतार पाहून रेखाला हसू फुटलं, मग मैनाबाईंनाही.

शेण वाळेपर्यंत तिघी खाली बसलो. बसल्या बसल्या रेखानं एका खुंटाजवळचं गवत बाजूला केलं. खुंटाला हिरवे धुमारे फुटले होते, शेंडे खुडलेले. शेजारच्या खुंटालाही तसेच. पलीकडे मोह आणि बेहडा आपोआप उगवले होते, तेही कुरतडलेले.

"रान मेलं नाही," ती म्हणाली. "दरवर्षी वर येतंय आणि गुरं खातायत. नियमात आपोआप आलेलं झाडही धरतात, पण ते कंबरेएवढं तरी व्हायला हवं."

मैनाबाईंनी शेणाच्या एका पोकडे बोट दाखवलं. "ढोरं आमचीच आहेत," त्या म्हणाल्या.

दुपारी समाजमंदिरासमोर गाव जमलं. मैनाबाईंनी नकार स्वतःच सांगितला, कारणासकट. कुरकुर झाली. गावाचा ढोरकी (गुराखी) रामाभाऊ उठला. "मंग ढोरं मी कुठी नेऊ? माया डोक्यावर?"

"धान निघालेल्या बांध्या (भातखाचरं) आहेत, तलावाची पाळ आहे," मैनाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात तलावामांगचं पडीत उघडू. कुपाची राखन तूच कर. ढोरं कुठून शिरतेत ते तुयाशिवाय कोनाले मालूम?"

लोक हसले. रामाभाऊ नाही हसला, पण बसला. रेखानं सांगितलं की चर खणायला, काट्यांचं कुंपण घालायला आणि मोकळ्या जागी बी टोकायला मजुरी मिळेल. तोडीइतकी नव्हे, पण गावातच. काही घरं तरीही मिरचीला जाणार होती, हे तिनं लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं तर रामाभाऊ ढोरं तलावाच्या पाळीकडे वळवत होता, शिव्या देत देत.

सांगलीला परतल्यावर ते रान माझ्या मनातून जाईना. आपल्या दारा-खिडक्यांचं लाकूड कुठून येतं ते सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्या जागी आता काय उभं आहे, हे विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं. ते विचारायला कुणीतरी उन्हात नाला ओलांडून जातं आणि कुणीतरी ते कडू उत्तर स्वतःच्या गावाला सांगतं. नियम कागदावर असतो खरा, पण जगतो तो अशा माणसांच्या जोरावर.

पावसाळा सरल्यावर मैनाबाईंना फोन केला. मागून लेकराचा आवाज येत होता. सून यंदा घरीच होती.

"मोजणी कधी?" मी विचारलं.

"म्याडम हिवाळ्यात येतीन."

"पास होईल?"

"होईन नं. अन् नाई झालं तं अजून एक पाऊस थांबू, बाई. झाड थोडीच पळून जाते."