म्हशीसाठी विकत घेतलेलं गाणं

माकणीच्या बब्रुवाननं उभ्या आयुष्यात एकच गाणं विकत घेतलं, तेही म्हशीसाठी. कुणाला हसायचं असेल तर त्यानं खुशाल हसून घ्यावं. बब्रुवानला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं.

लेक राजेश्वरीचं दुसरं बाळंतपण उमरग्याला, तिच्या सासरीच व्हायचं होतं. बायको मथुराबाईचा पाय घरातून निघेना, कारण शेवंता. शेवंता म्हणजे म्हैस. ती मथुराबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. "म्या हाय की! तू बिनघोर जा," बब्रुवान म्हणाला. म्हणाला तेही एसटीच्या थांब्यावर, चारचौघांत. आता शब्द मागं घ्यायची सोय उरली नाही.

मथुराबाई धार काढायला बसली की गोठ्यातल्या टेपवर रोज एकच गवळण लावायची. ती गेली त्याच दिवशी टेपनं कॅसेटची रीळ खाल्ली आणि शेवंतानं पान्हा चोरला. रेडकू लावून झालं, सरकीची पेंड वाढवून झाली, मानेखाली खाजवून झालं. शेवंता ढिम्म. अशीच राहिली तर आटणार, आणि मथुराबाई परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी गोठ्यात जाणार. गाण्याबिगर म्हैस दूध देत नाही, असं बब्रुवाननं ठरवूनच टाकलं.

तो चौकातल्या कल्याणप्पाच्या मोबाईलच्या दुकानात गेला. कल्याणप्पानं ती गवळण इंटरनेटवर चुटकीसरशी शोधली, खरी पंचाईत पुढं होती. पहिलं ॲप फुकट होतं. ते गोठ्यात लावल्यावर शेवंतानं कान टवकारले, पण कडव्याच्या मधेच एक बाई घराच्या रंगाची जाहिरात ओरडून सांगू लागली. शेवंतानं बादली लाथाडली. दुसरं ॲप महिन्याच्या भाड्याचं. त्यात जाहिरात नव्हती, पण गोठा धरणाच्या अंगाला, तिथं रेंज आपल्या मर्जीनं येते. गाणं ओळीच्या मधेच थांबलं ते थांबलंच.

"मग इकतच घ्या," कल्याणप्पा म्हणाला. विकणारेही दोघं निघाले. एकाचं गाणं फक्त त्याच्याच ॲपात वाजायचं. दुसरा सरळ फाईल द्यायचा. कार्डात भरा, कुठंही वाजवा.

बाजारात जनावर घेताना विचारतात तितक्या बारकाईनं बब्रुवाननं विचारलं, "पयल्याचं ॲप बंद पडलं तर?"

"गाणंबी गेलं."

"म्हंजी म्हैस माझी आन् दावं त्याच्या हातात. न्हाय चालायचं. दुसऱ्याचं घ्या."

निवड चोख होती, तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. संध्याकाळी गोठ्यात गवळण पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंही न अडता वाजली. शेवंतानं ती रवंथ करत ऐकली. दुधाचा थेंब आला नाही.

बब्रुवान डोक्याला हात लावून बसला, तोच फोन वाजला. हात पेंडीनं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानंच स्पीकर चालू केला.

"राजेश्वरीला पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत," मथुराबाई म्हणाली. "धार काढली का?"

"काढायलोय की."

"आताशी? दिस बुडाला की अवो! बादली तरी इसळली का? पेंड भिजवली का तशीच कोरडी टाकली? एक काम धड येत न्हाय तुमाला. सासूबाईंनी लाडावून ठेवलं, आन् निस्तरायलाव आमी..."

धार काढताना मथुराबाई रोज असाच नवऱ्याचा उद्धार करायची. गाणं त्याच्या मागं कुठंतरी वाजत असायचं. बब्रुवान तिचं बोलणं कानाआड करायचा, शेवंता करत नव्हती. तिनं फोनकडं मान वळवली, मागचे पाय सैल सोडले आणि पान्हा घातला.

बादलीत धार वाजू लागली. बब्रुवान नुसतं "हं, हं" करत राहिला. ती बोलणी त्याला गोड लागत होती, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुधाचं एक असो, पण मथुराबाई गेल्यापासून त्यालाही करमत नव्हतं. कबूल करायला एवढे दिवस लागले.

"बरं, ठिवू का?" मथुराबाई दमून म्हणाली.

बादली अजून अर्धीच होती.

"थांब, थांब," तो घाईनं म्हणाला. "तुझी ती नवी पितळी चरवी... म्या हरवली."

चरवी समोरच्या फळीवर लखलखत होती. पलीकडं मथुराबाईनं मोठा श्वास घेतला, आणि बब्रुवाननं बादली गुडघ्यांत नीट धरली.