आधी मी, मग तो, मग कुत्री

एप्रिल अर्धा उलटल्यावर स्कॉटलंडच्या डोंगरांत पुन्हा बर्फ पडला. कुत्रीला सोडायला मी तिकडे निघालेच होते, म्हणून गाडीत स्कीसुद्धा टाकल्या.

कुत्री नवऱ्याची. नवरा नोव्हेंबरात गेला. मला आठवड्यातून चार दिवस ब्रॅकनेलला ऑफिस. ती दिवसभर दाराशी बसून राहायची, खायची नाही. कॉली जातीच्या कुत्र्यांना पळायला मोकळी जागा लागते, इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या फ्लॅटमध्ये ती कुठून आणणार? नवऱ्याबरोबर स्कीइंगला जाणारे एक निवृत्त शिक्षक तिकडे डोंगराच्या पायथ्याशी राहतात. ते तिला सांभाळायला तयार झाले. मला यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

लेकीला दिसत होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, सीरियसली? बाबाचा कुत्री देऊन टाकतेस?"

"बाबाची कुत्री. आणि टाकत नाहीये, चांगल्या घरी देतेय."

"माझं ग्रामर नको ना करेक्ट करूस. तू रडलीस तरी का एकदा?"

"तू इथे ये, तिला रोज तीनदा फिरव. मग बसू दोघी रडत."

तिने फोन ठेवला.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांचा गुडघा दुखत होता. "आज तुम्ही दोघीच जाऊन या," ते म्हणाले. तेव्हा त्यांच्या अंगणातूनच आम्ही चढायला लागलो. वर जाताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, त्यामुळे मागे घसरायला होत नाही. माथ्यावर पोचलं की ती सोलून काढायची आणि खाली सुटायचं.

नवरा असताना उतरण्याचा आमचा क्रम ठरलेला होता. आधी मी, कारण मी पडते, आणि मागून येणाऱ्याला माझी टोपी, काठ्या गोळा करता येतात. मग तो. कुत्री त्याच्या मागे, कारण स्कीची कड सुरीसारखी असते आणि पुढे धावणाऱ्या कुत्र्याचा पाय कापला जातो. "थांब" म्हटलं की तिने बसायचं, आणि तो निघताना "चल गं" म्हणाला की उठायचं. ती पिल्लू असताना त्यानेच हे शिकवलं होतं, मराठीत.

माथ्यावर ऊन होतं. मी पट्ट्या काढल्या, तिला "थांब" म्हटलं, ती बसली, आणि मी निघाले. विचार केलाच नाही. दहा वर्षांची सवय. बर्फ ताजा आणि हलका होता, मी एकदाही पडले नाही. खाली ओढ्यापाशी थांबले आणि तो कसा उतरतोय ते बघायला मागे वळले.

वर फक्त कुत्री होती.

"चल गं!" मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून आपल्या मागे, रिकाम्या माथ्याकडे पाहिलं. आणखी दोनदा हाक मारली. ती हलली नाही. तिच्या लेखी अजून एक माणूस उतरायचा होता.

पट्ट्यांच्या गोंदाला बर्फ लागला होता, त्या चिकटेनात. शेवटी टेपने गुंडाळल्या आणि परत चढले. अर्धा तास लागला. ती तिथेच होती. तिच्याखालचा बर्फ वितळून छोटा खळगा झाला होता. मी शेजारी बसले. एक बिस्किट दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. मग तो जिथे उभा राहायचा तिथे मी उभी राहिले. पुढे कुणी नव्हतं. "चल गं" म्हणून निघाले, आणि ती बरोबर माझ्या मागे आली. तोच उतार, पण या वेळी मी तीनदा पडले.

"उतरताना तुम्ही सगळ्यांच्या शेवटी निघा," मी शिक्षकांना सांगितलं. "कुणी वर राहिलंय असं तिला वाटता कामा नये." मग 'चल गं' शिकवलं.

"चाल गा."

"चल गं."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

गाडीमागे धावू नये म्हणून तिला फाटकाशी "थांब" म्हटलं आणि निघाले. आरशात पाहिलं नाही. त्या रस्त्याला वळणं फार आहेत.

तासाभराने पेट्रोल भरताना लक्षात आलं. तिला थांब म्हणून आले होते. उठायला सांगितलंच नव्हतं. लगेच फोन लावला.

"फाटकाशीच आहे," शिक्षक म्हणाले. "'चाल गा' म्हणून म्हणून माझा घसा बसला. पाऊस लागलाय, तिच्यावर छत्री धरून उभा आहे."

"फोन तिच्या कानाशी धरा."

"चल गं," मी म्हटलं. खाकरले आणि पुन्हा म्हटलं, जरा जोरात.



"उठली," ते म्हणाले.

"कुठे जातेय?"

"रस्त्याकडे बघतेय." मग बऱ्याच वेळाने, "मी घराकडे चाललोय. मागे येतेय."

"बरं," मी म्हटलं. "तिला पुसून घ्या. पोट आधी. तिथे ओल राहते."