बर्फात झोपलेले

शेलूबाजारात जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्या दुपारी माझ्या शेजारी एक काका बसले होते. मांडीवर थर्माकोलचा डबा, आत बर्फात ठेवलेले समुद्राचे झिंगे. तान्ह्या लेकराला थोपटावं तसा ते झाकणावरून हात फिरवत होते.

“चाल बाप्पा आता,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “समुद्रातले जंतू बर्फात झोपून हायेत. गरमीनं उठले, तं खाणाऱ्याले रातभर टमरेल घेऊन पयवतेत.”

“कायले भेव दाखवता, काका?”

“मांगच्या खेपेले मीच पयालो ना!”

ड्रायव्हरनं लगेच अर्धी रिकामी जीप काढली. वाटभर सगळे कुजबुजतच बोलले. माझा फाटा आला. त्या जीपचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, तरी मी ते हळूच लोटलं.

उगाच झोपमोड नको.