गंजण्याची गॅरंटी

मी कूलर विकतो. नागपुरात, महाल भागात खाली दुकान, वर घर. नागपूरकरांना थंड ठेवणं हा आमच्या घराण्याचा धंदा. आणि अशा घरात जन्मून माझ्या सातवीतल्या लेकीनं, गार्गीनं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय निवडला, ‘उष्णता तयार करा’!

“काहून वं,” मी म्हटलं, “नागपुरात गर्मी कमी पडून राहिली काय?”

“बाबा, जानेवारी आहे. तुम्हीच कानटोपी घालून बसले ना?” (बसलो होतो खरा.) “लोखंड गंजतं ना, तेव्हा त्यातून उष्णता निघते. हळूहळू गंजलं तर समजत नाही, भरकन गंजलं तर हाताले लागते. काडी नाही, गॅस नाही! फक्त मले तारेची एक घासणी आणून द्या. व्हिनेगरमध्ये बुडवून थर्मामीटरसोबत बरणीत ठेवायची.”

लेकीचा प्रयोग म्हटल्यावर कसलीही घासणी आणून कसं चालेल? चार दुकानं पालथी घालून मी उत्तमातली उत्तम घासणी आणली.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तालीम झाली. घासणी बुडवली, बरणी बंद केली आणि गार्गी, मी आणि माझी बायको सुनंदा असे तिघं थर्मामीटरकडे डोळे लावून बसलो. थर्मामीटर सरकारी कचेरीत बसल्यासारखा ढिम्म! मी टिचकी मारली. मग हळूच बरणीला माझी शाल गुंडाळली.

“बाबा, ही चिटिंग आहे!” गार्गी ओरडली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. “उद्या सगळ्यांसमोर मी दाखवू काय?”

मी गुपचूप शाल काढून घेतली.

“काहो,” सुनंदानं शांतपणे विचारलं, “घासणी कोणती आणली?”

“सगळ्यात महाग! स्टेनलेस! जन्मात गंजणार नाही!”



“बाबा,” गार्गी म्हणाली, “गंजणं हाच तर प्रयोग आहे ना!”

आता काय सांगू? ‘गंजणार नाही, माझी गॅरंटी’ हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवण्यात माझी उमर गेली. सवय कुठे जाणार?

मी चपला घालून दुसरी घासणी शोधायला निघालो, तर गार्गी डोळे पुसून माझ्या आधी जिना उतरली. थंडीत आमच्या दुकानात पुढच्या उन्हाळ्यासाठी कूलरचे लोखंडी स्टँड बनतात. कानशीनं घासताना खाली पडलेला लोखंडाचा कीस तिनं पेपरात गोळा केला.

“काही उपयोग नाही बेटा,” मी हसलो. “हे आपलं लोखंड आहे. हे गंजत नाही.”

“पाहू ना!”

तिनं किसात मीठ घातलं, कोळशाची पूड घातली, पाणी शिंपडलं आणि फडक्यात बांधून पोटली केली. माझा चहा संपायच्या आत हाक आली, “बाबा, हात लावा!”

पोटली गरम! थर्मामीटरची लाल रेघ चढतच चाललेली! रडता रडता उठून हातात होतं त्यातून प्रयोग उभा करणारी पोरगी माझी आहे, या आनंदानं मी दुकानातच नाचलो. मग आपली गिऱ्हाइकं आठवली आणि थांबलो.

“लोखंड कुठलं ते कोणाले सांगू नको वं.”

“साहित्य कुठून आणलं ते सांगावंच लागते, बाबा.”

दुसऱ्या दिवशी मी कानटोपी घालून पुढच्याच रांगेत बसलो. शेजारी कोण यावं? शहराबाहेरच्या वाडी गावचे गोडाऊनवाले बोंद्रेभाऊ! गेल्याच उन्हाळ्यात त्यांनी अख्ख्या गोडाऊनसाठी माझ्याकडून स्टँडसकट कूलर नेले होते. (माझ्या गॅरंटीवर!) त्यांचा नातूही प्रदर्शनात होता.

गार्गी खणखणीत आवाजात म्हणाली, “हा कीस माझ्या बाबांच्या दुकानातल्या कूलरच्या स्टँडचा आहे. बाजारची घासणी गंजलीच नाही. आमचं लोखंड मात्र इतक्या भरकन गंजते की हात शेकता येतात!”

टाळ्या! पोटली हातोहात फिरत बोंद्रेभाऊंपर्यंत आली. त्यांनी ती दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“गरम आहे गा!”

“हो जी.”

“भरकन गंजते म्हणते पोरगी.”

“कीस गंजतो जी! स्टँडले रंग असतो...”

“अन् रंग निघाला तर?”

मी कानटोपी सारखी करायला लागलो. उत्तर गार्गीनं दिलं!

“दरवर्षी रंग मारायचा, काका! बाबा येऊन मारून देतील. फुकट!”

याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. बोंद्रेभाऊंनी तर उभं राहून वाजवल्या. पहिलं बक्षीस गार्गीला मिळालं आणि माझी छाती अभिमानानं फुगली; पण डोक्यात फुकटच्या रंगाचा हिशेब सुरू होता. परीक्षकांनी तोच थर्मामीटर माझ्या कानटोपीत घालून पाहिला असता, तर त्या पोटलीचा नंबर दुसरा आला असता.