आबा ड्रेसर आणि आमची निर्जळी

सकाळी माणसं एकमेकांना रामराम करतात. आबा ड्रेसर विचारायचे, "मुतलास का रं? रंग कसला हुता?"

तुरुंगाच्या बराकीत आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी मला हे विचारलं, तेव्हा मी संतापलो. मी सांगलीचा, कॉलेज सोडून पत्रकं छापता छापता पकडलेला. देश पेटलेला आणि हा म्हातारा रंग विचारतो! मी तोंड फिरवलं. ते हसले. "लाजू नगंस गड्या. जिभेपरीस त्ये खरं बोलतं."

आबा म्हसवडजवळच्या एका वाडीचे. पहिल्या महायुद्धात ते इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात होते. तिथल्या उन्हात कोण आज कोसळणार, हे ते सकाळी लघवीचा रंग बघून सांगत. पुढे साताऱ्यात एका डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी पंधरा वर्षं ड्रेसरचं, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं, काम केलं आणि डॉक्टरांची पुस्तकं त्यांच्याकडून समजून घेतली. बेचाळीस साली कचेरीवरच्या मोर्चात जखमी झालेल्यांना त्यांनी पट्ट्या बांधल्या आणि त्यांची नावं सांगायला नकार दिला. तुरुंगात येण्याचं कारण एवढंच. आमच्यासारखं भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

दुपारी बराकीत आमचे अभ्यासवर्ग चालत. मी क्रांतीवर बोलायचो. एकदा कुणीतरी गमतीनं आबांना उभं केलं, तर ते मूत्रपिंडावर बोलले.

"घट बसायच्या आधी बायका घर काढत्यात, बघितलंय न्हवं? समदं सामान अंगणात. मंग लागंल त्ये उचलून आत न्यायचं, ऱ्हाईला त्यो केर. मूत्रपिंड तसंच करतंय. आत बारीक बारीक चाळण्या हायत, लाखांनी. त्यातनं रगतातलं पाणी, मीठ, साखर, घाण, समदं आधी भाईर काढतंय. मंग नळीतनं जाताना कामाचं परत रगतात घेतंय. घागरी घागरी पाणी गाळतंय आन् तांब्या-दोन तांबे भाईर सोडतंय. दिसभर, रातभर, न सांगता."

"आणि पाणी प्यायलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर डोस्क्यातनं सांगावा येतो, पाणी सोडू नगा म्हून. मंग त्ये आनखी पाणी मागं वढून घेतंय. लघवी थोडी हुती, गडद हुती. पर केर भाईर न्यायला चार घोट लागत्यातच. त्येबी न्हाई मिळालं, तर केर रगतात साठतो."

सगळे हसत होते, पण ऐकत होते. माझ्या क्रांतीच्या वर्गात दोघेतिघे पेंगत असत, हे मला त्या दिवशी खुपलं.

मे महिन्यात आमच्यातल्या बापू नावाच्या एका शिक्षकाला अंधारकोठडीत टाकलं. त्याला बराकीत परत आणा, ही आमची मागणी होती. मी उपोषणाची हाक दिली आणि वर म्हणालो, "निर्जळी!" अन्न सोडून महिनाभर बसलेल्यांकडे सरकार बघत नाही, पाणी सोडलं तर तीन दिवसांत वाकेल, असा माझा हिशेब. सहा जण तयार झाले. त्यांत बिरा होता, माणमधला मेंढपाळ. तो छाती ठोकून म्हणाला, "आमी माणदेशी. तान आमास्नी नवी न्हाई. दुष्काळात जल्मलो आमी."

आबा त्याच्याच मुलखातले. ते म्हणाले, "बिरा, मीबी तिथलाच. तान सोसायची सवय मनाला हुती, मूत्रपिंडाला न्हाई. त्याला गाव नसतंय." मग माझ्याकडे वळले. "आन्न सोड, मी हात जोडून संगट बसतो. पाणी नगं. ह्या उन्हात नगं."

मी ऐकलं नाही. उलट त्या संध्याकाळी बराकीत फिरणाऱ्या आमच्या हस्तलिखित पत्रकात मी लिहिलं, "ज्यांना देशापेक्षा आपली लघवी प्यारी आहे, त्यांनी खुशाल घागरीपाशी बसावं." नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच नव्हती. लोक वाचून हसले आणि मला ते हसणं गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाणी सोडलं. दुपारी बघतो तर आबांचा तांब्या पालथा.

"आबा, तुम्ही कशाला?"

"कागुद वाचला. मला वाचाया येतंय, गड्या."

मी ओशाळलो, पण क्षणभरच. ते पुढं म्हणाले, "सौदा करू. तू घोटभर पी, मंग मी पितो."

मला तो डाव वाटला. मी म्हणालो, "तत्त्वाचा सौदा होत नाही." हे वाक्य मी कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. आबांनी मान हलवली आणि ते भिंतीला टेकून बसले. रोज संध्याकाळी त्यांच्या पायांना सूज येते, नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो, हे मी कितीदा पाहिलं होतं. म्हातारपण असेल म्हणून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूला परत आणलं. घोषणा झाल्या. आम्ही पाणी प्यालो. बिरा रडत प्याला. आबाही प्याले. सकाळपर्यंत आम्हा सगळ्यांना लघवी झाली, काळपट, जळजळणारी, पण झाली. आबांना झाली नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दोन दिवस त्यांना पाणी पाजलं, ते चेहऱ्यावर चढलं. पापण्या फुगल्या, दम लागायला लागला.

तुरुंगाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ह्यांची मूत्रपिंडं बसऱ्याच्या तापापासूनच अर्धी गेलेली होती. त्यांना ते माहीत होतं. तुम्हाला नव्हतं?"

मी आत गेलो. आबांचे ओठ तडकले होते. मी भांडं पुढं केलं. "आबा, प्या. तुमच्या पाया पडतो, प्या."

त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "आता उलटं झालंय, गड्या. तवा आत यायला पाणी नव्हतं, आता भाईर जायाला वाट न्हाई. प्यालो तर छातीत साठंल. वल्या फडक्यानं व्हट पूस, बास."

मी ओठ पुसत बसलो. मागणी मान्य होऊन तीन दिवस झाले होते, घागर हाताच्या अंतरावर भरलेली होती आणि त्या माणसाला पाणी पिता येत नव्हतं. चवथ्या दिवशी ते काहीबाही बोलायला लागले. बसऱ्यातल्या शिपायांना हाका मारत होते, सावलीत या म्हणत होते. पाचव्या दिवशी, सकाळी, गेले.

बाहेर आमच्या लोकांनी पत्रक काढलं. मजकूर आतून मीच पाठवला होता. "निर्जळी उपोषणात हुतात्मा." एक शब्दही खोटा नव्हता आणि तरी ते सगळं खोटं होतं.

सुटल्यावर मी त्यांच्या वाडीला गेलो. त्यांची बायको, सगळे तिला काकू म्हणत, दारात शेंगा निवडत होती. माझं ते हुतात्म्याचं पत्रक तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. तिनं एकच विचारलं, "लय तान लागली हुती का वं त्यास्नी?"

"हो, काकू."

मग मी सगळं सांगितलं. बिराची बढाई, आबांचा सौदा, घागरीपाशी बसण्याचं ते वाक्य, जसंच्या तसं. ते वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळली, तशी ती म्हणाली, "बोला. थांबू नगा." ऐकून झाल्यावर ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. ती शिव्या देईल, हाकलून देईल, असं मला वाटत होतं. बरं वाटलं असतं.

"त्यास्नी म्हाईत हुतं समदं," ती म्हणाली. "आन् तुमास्नी त्येनी सांगितलं हुतं."

"हो."

"तुमी लय छापता म्हनं." तिनं मान वर केली. "मंग ह्येबी छापा."