काल कुठेच गेलो नाही

"पहले यह बताओ, भेजा किसने है?" दाराची साखळी न काढता, फटीला एक डोळा लावून काका विचारत. दूधवाल्याला हेच, गॅसवाल्यालाही हेच.

मी तेव्हा प्रवासाच्या पाहणीवर होतो. अपघात किती झाले ते पोलिसांकडे मिळतं. पण कोण रस्त्यावर किती गाडी चालवतो, म्हणजे किती धोका पत्करतो, हे घरोघरी विचारल्याशिवाय कळत नाही. काल कुठे गेलात, कशावरून, किती वाजता, एवढेच आमचे प्रश्न. या काकांचं घर आमच्याच भागातलं, मी त्यांना नुसतं पाहून ओळखत होतो.

माझं आडनाव ऐकून तरी दार उघडेल असं वाटलं. झाशीत मराठी घरं ती किती! तर म्हणाले, "आपल्यातलाच का? मग तर जास्तच जपायला हवं." काल कुठेच गेलो नाही, स्कूटर नुसती उभी असते, असं सांगून मोकळे झाले.

अशा माणसांच्या संशयाची लागण होते, तुम्हालाही अनुभव असेल. मला झाली, कारण आदल्याच दिवशी मी त्यांना इलाइट चौराह्यावर स्कूटर चालवताना पाहिलं होतं. मागे काकू बसल्या होत्या. म्हातारा काहीतरी लपवतोय, हे नक्की.

पुढच्या फेरीला काका आंघोळीला गेलेले. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणला. "यांना साफ दिसत नाही बेटा. मी मागून सांगते, डावीकडे गाय, पुढे टेम्पो, आता जा. मुलाला कळलं तर स्कूटर विकेल. माझे गुडघे हे असे. मग आम्ही दोघं घरातच."

मी हादरलो. हाकणारा एक, बघणारी दुसरी, आणि रस्ते झाशीचे! गप्प बसणं बरं नव्हतं. काकांशी बोललो. ते म्हणाले, "मुलानं पाठवलं ना तुला?" त्यानंतर त्यांनी मला दारात उभं केलं नाही. मला रागही आला आणि त्यांची दयाही आली.

थंडीत काकू न्यूमोनियानं गेल्या. काही आठवड्यांनी काका चालत माझ्या घरी आले. स्कूटर त्यांनी स्वतःच विकली होती. दोघं तिच्यावरून कुठे कुठे जात, ते मी न विचारताच सांगत सुटले: भाजीला सदर बाजार, शनिवारी मारुती, भाचीच्या लग्नाला तर पार टहरौली.

"टहरौलीच्या वाटेवर तिला डुलकी लागली," ते म्हणाले. "मला कळलंच नाही. ती गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं समजून चालवत राहिलो."

जगात कोणावर भरवसा नसलेल्या माणसाचा हा भरवसा!

मी त्यांना पोचवायला निघालो. कोपऱ्यावर म्हटलं, "थांबा काका, टेम्पो येतोय." ते थांबले. टेम्पो गेला, रस्ता मोकळा झाला, तरी ते हलेनात. मी काही बोललोच नव्हतो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "जाऊ?"